लग्नाच्या रोलमध्ये उरलेले रस्ते

एकाच जागी दोनदा उभं राहता येतं, असं मनापासून मानणारा माणूस उभ्या जगात मी एकच पाहिला, आणि तो माझा घरमालक होता. बाकीची माणसं रस्त्याने येतात, जातात, फार तर पानटपरीपाशी घटकाभर थांबतात. काका रस्त्यावर उभे राहत. तेही कुठेही नाही. तरुणपणी ज्या जागी उभे राहिले होते नेमक्या त्याच जागी, त्याच महिन्यात, उन्हाच्या त्याच वेळेला, मग समोरून ट्रक येत का असेना. ट्रकवाल्याने काच खाली करून शिवी हासडली की ते शांतपणे सांगत, "भाई, तू आत्ता आलास. मी पहिल्यापासून इथे आहे."

तलासरीला त्यांचा फोटो स्टुडिओ होता. मी त्या गावात आलो ते जिल्हा ठाण्याचा पालघर झाला त्या साली, तोवर स्टुडिओचं शटर कायमचं खाली आलं होतं. मोबाइलने धंदा नेला, असं काकी सांगत. काकांना त्याचं फार दुःख नव्हतं, कारण लग्नाचे फोटो काढणं त्यांना मुळातच आवडत नव्हतं. पूर्वी एका रोलमध्ये मोजके फोटो निघत. लग्न लागलं, पंगती उठल्या, नवरी रडून झाली, तरी रोलच्या शेपटाला एखादा फोटो उरायचा. रोल धुवायला तर टाकायचाच आहे, मग तो वाया का घालवा, म्हणून परतताना काका सायकल थांबवत आणि समोर दिसेल तो रस्ता टिपत. कधी डहाणूचा बाजार, कधी धाकटी डहाणूची खाडीकडे उतरणारी गल्ली, कधी कैनाडचा फाटा, कधी अच्छाडचा हायवे. अशा उरलेल्या फोटोंनी एक पत्र्याची पेटी भरली होती. त्यामुळे त्या काळातला हा अख्खा मुलूख काकांकडे फक्त लग्नसराईतला आहे, आणि तोही दुपारी, जेवणं झाल्यावरचा. त्यांच्या पेटीवरून कुणी इतिहास लिहायला बसला तर या भागात पावसाळा नव्हता आणि माणसं कायम पोटभर जेवलेली असत, असंच निघेल. फोटोंना नावंही तशीच. "हा बँडवाल्याच्या बहिणीचा उरलेला." "हा मोडता मोडता राहिलेल्या लग्नाचा उरलेला." गावात मात्र जुनी माणसं काकांवर अजून डूख धरून होती. त्यांच्या लग्नाच्या फोटोंत नवऱ्याचं डोकं वरून कापलेलं असे, मामा डोळे मिटलेले असत आणि अंतरपाट तेवढा स्वच्छ दिसे. उरलेले रस्ते मात्र असे नीट की लांबच्या दुकानातली तराजूची साखळीसुद्धा दिसावी.

म्हातारपणी त्यांनी या सगळ्या उरलेल्यांचे दुसरे फोटो काढायला घेतले. जुना एका हातात, नवा दुसऱ्या हातात. मध्ये काय काय झालं ते बघणाऱ्याने बघावं. हे कशासाठी, असं विचारलं की ते विचारणाऱ्याकडेच दयेने पाहत.

माझी आणि त्यांची भेट झाली ती मी अच्छाडला पडून होतो तेव्हा. पडून हा शब्द मी विचार करून लिहितोय. मी परभणीकडचा. शाळा नववीत सुटली, मग ट्रकवर क्लीनर म्हणून लागलो. गुजरातची हद्द ओलांडायच्या आधीच मला ताप भरला आणि ड्रायव्हरने मला एका ढाब्याच्या बाजेवर टाकलं, परत येताना घेतो म्हणाला आणि गेला. त्याची परत यायची वाट दुसरी असावी. मी त्या बाजेवर गुडघे पोटाशी घेऊन पडलो होतो आणि आपलं आता काय होणार याची एकामागून एक उत्तरं काढत होतो. प्रत्येक उत्तर आधीच्यापेक्षा वाईट होतं. एवढ्यात कुणीतरी माझ्यावर वाकलं. पांढऱ्या मिशा, हातात एक जुना फोटो. त्या माणसाने एकदा फोटोत पाहिलं, एकदा माझ्याकडे, आणि त्याचा चेहरा असा उजळला की मला वाटलं, कुणी ओळखीचंच भेटलं.

"झोपून राहा," ते म्हणाले. "फक्त डाव्या कुशीवर हो. आणि एक हात खाली सोड."

मी झालो. तापात माणूस सांगेल ते करतो. त्यांच्या जुन्या फोटोत अच्छाडला बरोबर त्याच ठिकाणी बाजेवर एक ट्रकवाला झोपला होता, डाव्या कुशीवर, हात खाली सोडून. असा माणूस ते दोन वर्षं शोधत होते म्हणे. फोटो झाल्यावर त्यांनी माझ्या कपाळाला हात लावला आणि दचकून म्हणाले, "अरे, हा तर खरंच आजारी आहे!" मग जीप थांबवून मला तलासरीला डॉक्टरकडे नेलं, तिथून घरी. दारात काकी उभ्या होत्या. त्यांनी मला आपादमस्तक पाहिलं आणि नवऱ्याला विचारलं, "आता माणसंपण उरायला लागली का?" आणि पेज टाकायला आत गेल्या.

घरामागच्या पडवीत एक खोली होती, ती मला मिळाली. पुढे एकाची रिक्षा अर्ध्या दिवसाच्या बोलीवर चालवायला मिळाली, तीही काकांच्याच शब्दावर. मी किती वेळा आभार मानले असतील कोण जाणे. शेवटी काकी म्हणाल्या, "परभणी, रोज रोज नको म्हणू रे. एकादशीला म्हणत जा." मला त्या गावाच्याच नावाने हाक मारत. पण आभार मानून झाले तरी माझी धास्ती जात नव्हती, कारण त्या घरात शिरल्या शिरल्या मला एक गोष्ट कळली होती. त्यांची एकुलती एक लेक बडोद्याला दिलेली. तिला मुलगी झाली होती, आणि काकींचा सगळा जीव त्या नातीत. घर विकून लेकीकडे जायचं, हे काकांनी काकींना कबूल केलं होतं. अट एकच: उरलेले संपले की. म्हणजे काकांचा एक फोटो झाला की काकी बडोद्याच्या एक पाऊल जवळ जात, आणि मी पुन्हा बाजेच्या. सुट्टीच्या दिवशी त्यांना रिक्षातून फोटोच्या जागी घेऊन जाणारा मीच होतो. गाडी मी कधी मुद्दाम हळू चालवली नाही, पण रेल्वे फाटक बंद मिळालं तर मला वाईटही वाटत नसे.

त्यांच्या कामाची रीत सांगितली पाहिजे. काकांचं म्हणणं असं की गाव बदललं हे दाखवायचं असेल तर फोटोवाला बदलता कामा नये. त्याच्यातला बदल गावाच्या अंगावर घालणं हा अन्याय आहे. वयाने त्यांची उंची थोडी कमी झाली होती, म्हणून ते जेवायचा एक जुना पाट बरोबर घेत आणि त्यावर उभे राहून मगच कॅमेऱ्याची उंची ठरवत. पाटाखाली कधी पुठ्ठा सरकवत, कधी काढत. इथवर मला पटत होतं. पण ते शर्टही तोच घालत. एक निळा, मोठ्या कॉलरचा, तरुणपणी लग्नांना घालायचा शर्ट त्यांनी जपून ठेवला होता. आता त्याची मधली बटणं लागत नसत. मी एकदा भीत भीत म्हटलं, "काका, तुम्ही तर कॅमेऱ्याच्या मागे असता. शर्ट कुणाला दिसतो?" ते म्हणाले, "मला दिसतो ना." यावर मी गिअर टाकला.

डहाणूच्या बाजारातली एक जागा काळाच्या ओघात बांगड्यांच्या दुकानात गेली होती. पूर्वी तिथे मोकळा ओटा होता; आता बरोबर त्या ठिकाणी गल्ला होता आणि गल्ल्यामागे दुकानदार. काका पाट घेऊन आत शिरले आणि त्याला म्हणाले, "जरा उठ." तो बिचारा गिऱ्हाइकांच्या वेळेची आठवण देत गुजरातीत म्हणाला, "काका, आ घराकीनो टाइम छे." काका म्हणाले, "मारो पण एज टाइम छे," आणि त्याच्या गादीवर पाट मांडला. समोर चार बायका हात पुढे करून बसलेल्या, बांगड्या अर्ध्या चढलेल्या. दुकानदाराची म्हातारी आई आतून आली, तिने जुना फोटो हातात घेतला आणि विचारलं, "कोणाच्या लग्नाचा?" काकांनी नाव सांगितलं. ते तिच्याच लग्नाचं निघालं. मला वाटलं, आता म्हातारीच्या डोळ्यांत पाणी येणार. म्हातारी म्हणाली, "अस्सं? म्हणजे तो मेला तूच! माझ्या सासऱ्याला सगळ्या फोटोंत नुसतं उपरणं आहे, तोंड नाही." काकांनी पाटावरूनच सांगितलं, "बाई, ते उंच होते." फोटो मात्र तिने काढू दिला, आणि निघताना चहाही पाजला, फक्त बशी काकांसमोर जरा जोरात ठेवली.

धाकटी डहाणूला तर आमचा मार चुकला. जुन्या फोटोत गल्लीच्या डाव्या अंगाला बांबूच्या मांडवावर बोंबील सुकत होते. आम्ही गेलो तेव्हाही बोंबील होते, पण उजवीकडे. काकांनी तिथल्या बाईला अगदी अदबीने विनंती केली, की अर्धा तास तेवढे डावीकडे घ्याल का. ती कोळीण कमरेवर हात ठेवून उभी राहिली. "बोंबील काय तुझ्या लग्नाचे वऱ्हाडी आहेत रे, इकडे उभे राहा, तिकडे उभे राहा सांगायला?" काका म्हणाले, "वऱ्हाडी ऐकत नाहीत, म्हणून तर तुला सांगतोय." आजूबाजूच्या बाया खो खो हसल्या. मी रिक्षा सुरू करून ठेवली, कारण हसणं कुठल्या बाजूला कलेल सांगता येत नव्हतं. शेवटी ती म्हणाली, "हलवायचेत तर तूच हलव." आणि काकांनी हलवले. मीही हलवले. फोटो झाल्यावर सगळे परत उजवीकडे लावून दिले. त्या दिवशी घरी काकींनी आम्हा दोघांना मागच्या दाराने आत घेतलं आणि अंघोळीआधी तोंड उघडू दिलं नाही.

असे करत करत दोन-तीन लग्नसराया गेल्या आणि पेटीतले सगळे उरलेले संपले. एक सोडून.

तो एक काकांच्या स्वतःच्या लग्नाचा उरलेला होता. स्वतःच्या लग्नाचे फोटो स्वतः काढता येत नाहीत, ते कुणा मित्राने काढले होते. रोलमधला शेवटचा तेवढा दुसऱ्या दिवशी सकाळी काकांनी काढला, घरासमोरच्या गल्लीचा. पेटीत दुपारचा नसलेला फोटो हा एकच. गल्ली लख्ख आली होती. समोरची कौलं, कुडाची भिंत, उन्हात बसलेला कुत्रा, सगळं. फक्त मधोमध एक पांढरट पट्टा होता, वाऱ्यावर ओढणी उडावी तसा. ती शेजारच्या विहिरीवरून पाण्याची कळशी घेऊन येणारी नवी नवरी होती. काका जन्मभर पाहुण्यांना तो फोटो दाखवून म्हणत आले, "फोटो चांगला आहे. फक्त मध्ये कुणीतरी हललंय."

"कुणीतरी!" काकी आतून म्हणत.

"थांब म्हटलं होतं मी तेव्हा."

"आणि मी म्हटलं होतं, कळशी जड आहे."

हा शेवटचा फोटो काही केल्या होईना. महिना ठरलेला, फाल्गुन. पहिल्या वर्षी समोरच्यांची बोलेरो उभी होती. ती काढतो म्हणाले, तर काका म्हणाले, राहू दे, चाकांच्या खुणा राहतील. दुसऱ्या वर्षी ऊन खोटं आहे म्हणाले. ऊन खोटं म्हणजे काय, हे मला अजून कळलेलं नाही. पण तेव्हा मी पटकन मान डोलावली. तिसऱ्या वर्षी त्यांना कुत्रा पसंत पडेना. काकी दर फाल्गुनात ट्रंक आवरून ठेवत आणि चैत्रात तिच्यातली लुगडी परत कपाटात लावत. एकदा मी त्यांना फोनवर नातीला विचारताना ऐकलं, "आता वाचता येतं का ग तुला? मग मला काय वाचून दाखवशील?" आणि फोन ठेवून तांदूळ निवडायला बसल्या, निवडलेलेच पुन्हा निवडत होत्या. काका तेव्हा ओट्यावर कॅमेऱ्याची काच पुसत होते. तीही पुसलेलीच होती.

मग जमीन हलायला लागली. आमच्या बाजूला त्या हिवाळ्यात धक्के सुरू झाले, ते काही केल्या थांबेनात. आधी जमिनीतून गुरगुर येई, मग भांडी वाजत. शाळांतली पोरं बाहेर बसू लागली, लोक अंगणात प्लास्टिक ताणून झोपू लागले. पहिला मोठा धक्का दिवसा बसला तेव्हा काका गल्लीत तिवई लावून फाल्गुनातल्या फोटोची तालीम करत होते. पत्रे खडखडले, बाया पोरं उचलून बाहेर धावल्या, समोरचा बोलेरोवाला दाढीचा साबण तोंडावर घेऊन रस्त्यात आला. काकांचा डोळा कॅमेऱ्याला. ते ओरडले, "कुणी हलायचं नाही!"

"काका, जमीन हलतेय!"

"मग तिला सांग!"

त्या धक्क्याने स्वयंपाकघराच्या भिंतीला वरपासून खालपर्यंत चीर गेली. काकींनी चिरेत बोट घालून पाहिलं आणि बडोद्याला फोन लावला.

लेक फाल्गुनातच आली. आल्या दिवशी तिने चीर पाहिली, अंगणातलं प्लास्टिक पाहिलं, आणि वडिलांना म्हणाली, "पप्पा, आता बस. चला ना." काका म्हणाले, "एकच राहिलाय." ती म्हणाली, "तो एक चार वर्षं राहिलाय." काकींनी ट्रंक ओट्यावर आणून ठेवली. मग म्हणाल्या, "मी उद्याच्या गाडीने जाते. तुमचं झालं की या." हे त्या रागाने म्हणाल्या असत्या तर बरं झालं असतं. त्या वेळ विचारल्यावर सांगावी तसं म्हणाल्या. काका उठून घरामागे गेले. मी पडवीत होतो. ते माझ्या दाराशी आले, आत पाहिलं, म्हणाले, "तुझी चादर धुवायला झाली," आणि परत गेले.

सकाळी त्यांनी तिवई लावली. पाट मांडला, निळा शर्ट घातला. बोलेरो होती, ऊन होतं तसंच होतं, कुत्रा तर नव्हताच. त्यांनी कशाचीच तक्रार केली नाही. मग काकी घरातून बाहेर आल्या. प्रवासाची साडी, आणि कडेवर पाण्याने भरलेली कळशी. विहीर केव्हाच बुजली होती. त्यांनी ती नळावर भरली होती. गल्लीच्या मधोमध, त्या पांढऱ्या पट्ट्याच्या जागी जाऊन उभ्या राहिल्या.

काका कॅमेऱ्यामागून म्हणाले, "चालत आलीस तरी चालेल. मूळ फोटोत तू—"

"मी हलणार नाही," काकी म्हणाल्या. "बघा आता नीट."

काकांनी पाहिलं. फार वेळ पाहिलं. लेक ट्रंकेवर बसून होती, तिने घड्याळ पाहणं सोडून दिलं. काकी कडेवरच्या कळशीसकट भिंतीत बसवल्यासारख्या उभ्या होत्या. मग बटण दाबल्याचा तो बारीकसा आवाज झाला.

मी धावत जाऊन कॅमेऱ्याच्या मागच्या पडद्यावर पाहिलं. काकी स्वच्छ आल्या होत्या. पदराचा काठ, कपाळावरचा घाम, कळशीतून सांडलेलं पाणी, एकूण एक. एवढा नेमका फोटो काकांनी आयुष्यात कुठल्या माणसाचा काढला नसेल. आणि तो मुळाशी जुळत नव्हता. माझ्या मनात काय आलं ते कुणालाही कळेल. मला दुसरं घर नव्हतं. मी म्हटलं, "काका, काकी हलल्या नाहीत. हा जुळत नाही."

"बघितलं मी," काका म्हणाले, आणि तिवईचे पाय मिटायला लागले. मग काकींकडे न बघता त्यांना म्हणाले, "कळशी ठेव खाली. जड आहे."

तिघांना स्टेशनवर मीच सोडलं. त्या दिवशी फाटकही उघडं मिळालं.

भूकंपाच्या गावातलं चिरलेलं घर घ्यायला कोण येणार? गिऱ्हाईक लागेना, म्हणून मी आहे तिथेच राहिलो. घराकडे बघायला कुणीतरी हवंच, असं काकी म्हणाल्या. धक्क्यांनी मला बेघर करायचं ते त्यांनीच माझं घर राखलं, आणि याबद्दल आभार कुणाचे मानायचे, हे मला ठरवता येत नाही. मी आधी अंगणात झोपायचो, मग सवय झाली, आता आत झोपतो. एकादशीला फोन करतो.

गेल्या फोनवर काका जरा वैतागलेले होते. लेकीचं घर बडोद्याच्या बाहेर नव्या वसाहतीत आहे. सगळं नवं, झाडंसुद्धा काठीला बांधलेली. "इथे जुना फोटो कशाचाच नाही," म्हणाले. "तुलना कशाशी करायची?" मी म्हटलं, मग आता काय करता? तर म्हणाले, रोज थोडे पहिले काढून ठेवतोय. कोपऱ्यावरचं दूधकेंद्र, नातीची शाळेची बस थांबते ती जागा, समोरचा मोकळा प्लॉट. मागून काकींचा आणि एका लहान मुलीचा आवाज येत होता, दोघी मिळून काहीतरी अडखळत वाचत होत्या.

"पहिले होतील माझ्याकडून," काका म्हणाले. "दुसरे काढायला तीसेक वर्षांनी कुणीतरी लागेल." आणि विचारलं, "तुझं वय काय रे आता?"

मी म्हटलं, अठ्ठावीस.

तिकडून पुटपुटल्यासारखं काहीतरी ऐकू आलं. ते हिशेब करत असावेत.

"पुरेल," म्हणाले, आणि फोन काकींकडे दिला.